एकशे सतरा नंबरची नळी

३ मार्च, सोमवार

“साठी उलटलेल्या तमाम पुरुषांनो! रात्रीतून चार चार वेळा उठणाऱ्या, उठून नुसतंच ताटकळत उभं राहणाऱ्या, आणि घरात कुणी विचारलं तर ‘काही नाही, पाणी जास्त प्यालो’ म्हणणाऱ्या माझ्या बांधवांनो! आपल्या सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच आहे. आपल्याच शरीरात काय चाललंय, ते आपल्याला कुणी सांगत नाही!”

हे भाषण अजून कुणी ऐकलेलं नाही. तपासणीच्या टेबलावर डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडलो होतो, तेव्हा मनात जुळवलं. टाळ्या अर्थातच पडल्या नाहीत.

वही हिने दिली. म्हणाली, “जगाला सांगत सुटू नका, वहीला सांगा. वही जांभया देत नाही.” चाळीस वर्षांच्या संसारानंतर एवढं बोलायचा तिला अधिकार आहे.

तर आज बायोप्सी झाली. रक्ताच्या तपासणीत प्रोस्टेटचा आकडा चढला होता म्हणून सर्जनने सुईने चौदा तुकडे काढले. दर तुकड्याला खटका वाजतो. मी मोजले. छापखान्यात बत्तीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवले आहेत. मोजल्याशिवाय माझं पान पुढे सरकत नाही. बारा तुकडे औषधाच्या पाण्याच्या बाटल्यांत गेले, ते सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. दोन तुकडे एका बोटाएवढ्या नळीत, कोरडेच. ते संशोधनासाठी. माझी मुलगी याच इस्पितळाच्या संशोधन विभागात आकडेमोड करते, म्हणून मी संमतीच्या कागदावर अभिमानाने सही ठोकली. नळीवर नाव नव्हतं, नुसता नंबर. एकशे सतरा. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

सर्जन गेले. मला तासभर तिथेच पडून राहायचं होतं. सव्वादहाला ट्रे न्यायला मावशी आल्या. पन्नाशीच्या, पायात पट्ट्याची चप्पल, घोटे सुजलेले. मी विचारलं, “मावशी, किती मजले आहेत तुमच्याकडे?” म्हणाल्या, “तीन. आणि बर्फाचं मशीन तळमजल्यावर. वरचं बंद पडून वर्ष झालं.” तीन मजल्यांना एक बाई! माझ्यातला जुना कामगार उठून बसला. शरीर उठू शकत नव्हतं, पण आवाज उठू शकत होता. आठ तासांच्या कामासाठी कुणी काय सोसलं, कंत्राटी कामगार म्हणजे बिनसहीचा गुलाम कसा, सगळं सांगितलं. मावशी ट्रे हातात धरून ऐकत उभ्या. म्हणाल्या, “साहेब, तुमचं ऐकलं की पाय दुखायचे थांबतात.” अशी दाद मला मोठमोठ्या मैदानांत मिळाली नाही. अकराला नर्स दारातून ओरडली, “मावशी! अजून इथंच?” तेव्हा कुठे सभा संपली.

दुखतंय. पण दिवस वाया गेला नाही.

१२ मार्च, बुधवार

कॅन्सर आहे.

शब्द लिहून बघितला. चार खिळ्यांचं काम. मी आयुष्यात हजार वेळा जुळवला असेल.

सर्जन म्हणाले, बारांपैकी दोनच तुकड्यांत आहे, आणि तोही सुस्त. ऑपरेशन नको, दर तीन महिन्यांनी रक्त तपासू, नजर ठेवू. “याच्यासोबत तुम्ही आरामात म्हातारे व्हाल.”

“तो कार्यक्रम केव्हाच उरकलाय,” ही म्हणाली. सर्जन हसले. बाहेर आल्यावर हिने माझा हात धरला तो रिक्षा मिळेपर्यंत सोडला नाही.

१३ मार्च, गुरुवार

मुलगी जेवायला आली होती. मी विचारलं, तू नक्की करतेस काय? आजवर विचारलंच नव्हतं. बापाला जगाच्या क्रांत्या पाठ आणि लेकीची नोकरी माहीत नाही.

ती म्हणाली, “बाबा, सभा समजा. तुमच्या प्रत्येक पेशीत तीच वीस हजार माणसं बसली आहेत. ती म्हणजे जनुकं. डोळ्याच्या पेशीत तीच, प्रोस्टेटच्या पेशीत तीच. फरक एवढाच, की कोण बोलतंय आणि किती मोठ्याने. आम्ही प्रत्येकाचा आवाज मोजतो.”

“आणि कॅन्सर?”

“तो एका दिवसात होत नाही. आधी शिस्त लावणारे दोघंतिघं गप्प होतात. मग ज्यांनी गप्प बसायचं, ते तोंड उघडतात. निरोगी माणसाचा तुकडा, सुरुवातीच्या कॅन्सरचा, वाढलेल्याचा, पसरलेल्याचा, असे दोनशे तुकडे ओळीने लावले की सभा कुठल्या क्रमाने हाताबाहेर जाते ते दिसतं. तो क्रम कळला, तर कुणाचा कॅन्सर झोपून राहील आणि कुणाचा उठेल, हे आधी सांगता येईल.”

मला भरून आलं. मी आयुष्यभर सभा पेटवल्या, पोरगी सभा ऐकते! मी म्हटलं, “मग माझी सभाही आलीय तुझ्याकडे. एकशे सतरा नंबर!”

तिचा चमचा ताटात पडला. “बाबा, हे मला सांगायचं नव्हतं.”

“का? लॉटरीचा नंबर आहे?”

“कुणाची नळी कुठली ते आम्हाला कळता कामा नये. तसा नियम आहे.”

अर्धं जेवण टाकून गेली. हल्लीच्या पोरांना कामाचा फार ताण.

२० मार्च, गुरुवार

मुलगी पुन्हा आली. आठवड्यात दुसऱ्यांदा. चहा घेतला नाही. मी पेपर वाचत होतो, ती माझ्याकडे बघत होती. विचारलं, “काय गं?” म्हणाली, “काही नाही. बाबा, समजा ऑपरेशन केलं, तर?” मी म्हटलं, सर्जन नको म्हणतात. “सर्जनना सगळंच दिसत नाही,” म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन आईपाशी नुसतीच उभी राहिली.

वरिष्ठांशी बिनसलंय बहुतेक. पंधरा एप्रिलला तिला विभागापुढे दोन वर्षांचं काम मांडायचं आहे. त्याचीच धास्ती असणार.

२९ मार्च, शनिवार

धास्ती त्याची नव्हती.

आज तिने सांगितलं. दार लावून, खुर्ची माझ्या खुर्चीला लावून, लहानपणी प्रगतिपुस्तक दाखवायला बसायची तशी.

वाढलेल्या कॅन्सरमध्ये एकेचाळीस जनुकांचा आवाज चढतो, असं तिला दोन वर्षांत सापडलं आहे. एकशे सतरा नंबरच्या तुकड्यात त्यांतली सत्तावीस ओरडत आहेत. तिच्या तक्त्यावर दर तुकड्याचा एक ठिपका आहे. माझा ठिपका सुस्तांच्या घोळक्यात नाही. दुसऱ्या टोकाला आहे, ज्यांचा हाडांत पसरला त्यांच्या शेजारी.

“सूक्ष्मदर्शक आकार बघतो, मी आवाज ऐकते. आकार बदलायच्या आधी आवाज बदलतो, बाबा.”

मी विचारलं, “चूक नसेल?”

“तीनदा तपासलं. तुकडा काढल्यापासून दहा मिनिटांत बर्फात जायला हवा. प्रत्येक फॉर्मवर वेळ लिहिलेली आहे. दोनशेच्या दोनशे फॉर्मवर दहा मिनिटं.”

दोनशेच्या दोनशे! याला म्हणतात शिस्त. आमच्या छापखान्यात दोन घड्याळंसुद्धा सारखी चालत नव्हती.

नियम मोडून तिने माझा ठिपका शोधला. कळलं तर नोकरी जाईल. ती रडली नाही. माझ्या शर्टाचं बटण फिरवत बसली. शेवटी ते तुटलं.

२ एप्रिल, बुधवार

सर्जनकडे गेलो. मुलीचं नाव न घेता म्हटलं, मला ऑपरेशन हवं. त्यांनी परोपरीने समजावलं. लघवीवरचा ताबा काही महिने जाईल, काहींचा कायमचा जातो. आणखीही एक गोष्ट जाऊ शकते. ती त्यांनी छताकडे बघत सांगितली आणि हिने फरशीकडे बघत ऐकली.

“सुस्त कॅन्सरसाठी एवढं कशाला ओढवून घेताय?”

“तो झोपेचं सोंग घेत असेल तर?” मी म्हटलं.

त्यांनी सोळा तारीख दिली, नाइलाजाने. घरी येताना ही म्हणाली, “एक म्हणतो थांबा, एक म्हणते कापा. शरीर ह्यांचं, आणि हे गप्प. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.”

मी रिक्षावाल्याला सुट्टे पैसे मोजून दिले.

५ एप्रिल, शनिवार

आरशासमोर उभा राहून पाऊण तास बोलून बघितलं. जमतं अजून. मग आतमध्ये कपड्याची जाड घडी बांधलेली आहे आणि ती हळूहळू ओली होते आहे, अशी कल्पना करून बोललो. तिसऱ्या वाक्याला आवाज गेला. मूठ वर उचलली ती तशीच राहिली.

मरणाला मी भीत नाही, असं हजार वेळा माईकवर सांगितलं आहे. मरण मैदानात येतं असं गृहीत धरून सांगितलं होतं.

१० एप्रिल, गुरुवार

ऑपरेशनआधीच्या तपासण्या. कॉरिडॉरमध्ये मावशी भेटल्या, हातात तसाच ट्रे.

“काय हो साहेब, तुमच्या भाषणापायी मला त्या दिवशी किती बोलणी बसली!”

“कशाबद्दल?”

“ट्रे उशिरा गेला म्हणून. खाली लॅबवाला म्हणाला, फॉर्मवर काय लिहू? मी म्हटलं, रोज लिहिता तेच लिहा.”

दोघंही हसलो. मी म्हटलं, “मावशी, चळवळीत थोडी बोलणी खावी लागतात.” त्या म्हणाल्या, “तुम्ही खा की मग,” आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने गेल्या.

झकास बाई आहे. रुग्णांच्या मंडळाने चार मेच्या सभेत बोलायला बोलावलं आहे. धडधाकट असलो तर मावशींचा हा किस्सा घेईन.

११ एप्रिल, शुक्रवार

किस्सा नीट आठवावा म्हणून वही उघडली. तीन मार्चचं पान.

दहा वाजून पाच. सव्वादहा. अकरा.

पुन्हा वाचलं. खिळे तपासतो तसं, उलट दिशेने. अकरा. सव्वादहा. दहा पाच. नळी कोरडी. बर्फ तळमजल्यावर. रोज लिहिता तेच लिहा.

माझा तुकडा पंचावन्न मिनिटं त्या ट्रेवर होता, आणि तरी बर्फापासून तीन मजले लांब. रक्त नाही, गारवा नाही, आणि वर माझं भाषण.

मला विज्ञान कळत नाही. पण सभा कळते. भर सभेत दिवे गेले की काय होतं? जो आयुष्यात बोलला नाही तोही ओरडतो. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटतं, दंगल झाली.

१२ एप्रिल, शनिवार

बोललो नाही. दिवसभर फोन हातात घेऊन खाली ठेवत होतो.

मंगळवारी पोरगी विभागापुढे उभी राहणार. आज बोललो तर तिची दोन वर्षं माझ्या तोंडाने मोडणार. आणि मावशी? जाब त्यांनाच विचारतील. सगळ्यात खालच्या पायरीवर जो उभा, दगड त्याच्याच डोक्यावर पडतो, हे मीच तर सांगत फिरलो. नाही बोललो तर बुधवारी मला कापतील, आणि माझ्यानंतर तिच्या तक्त्यावर विसंबून आणखी कुणाकुणाला कापतील.

आणि खरंच आत आग असेल, आणि मी केवळ भित्रेपणाने हे कारण शोधलं असेल, तर? ऑपरेशन टाळायला माणूस काय काय शोधतो! हा प्रश्न सगळ्यांत वाईट.

ही म्हणाली, “पोटात दुखतंय का?” मी हो म्हटलं.

१३ एप्रिल, रविवार

मुलीला बोलावलं. वही तिच्यापुढे ठेवली. म्हटलं, हे पान वाच आणि मग दहा तारखेचं.

तिने वाचलं. मान वर केली तेव्हा चेहरा कागदासारखा होता.

“पंचावन्न मिनिटं?”

“कमीत कमी.”

“बाबा, तुम्हाला आयुष्यात एक दिवस गप्प बसता आलं नाही? एक दिवस?”

मी काही बोललो नाही. उशिराच सुचलं.

ही मध्ये पडली. “त्यांना नंतर ओरड. आधी सांग, ह्यांचा ठिपका त्या टोकाला का गेला?”

मुलगी बराच वेळ वहीतल्या आकड्यांवर बोट ठेवून बसली. मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली, “रक्त तुटलं की पेशी घाबरते. पाचदहा मिनिटांत काही जनुकं ओरडायला लागतात. हे पहिल्या वर्षाला शिकवतात. पण फॉर्मवर दहा होतं. सगळ्यांवर दहा होतं.” वहीवरचं बोट उचललं. “आई, सुस्तांचे तुकडे बायोप्सीचे असतात. सकाळी काढतात, बहुतेक लगेच खाली जातात. वाढलेल्यांचे तुकडे मोठ्या ऑपरेशनमधून येतात. तीन तीन तास चालतं ते. आतला रक्तपुरवठा आधीच बांधलेला असतो, आणि संपतं दुपारी, मावशी जेवायला जातात तेव्हा.”

“म्हणजे?” मी विचारलं.

“म्हणजे मी कॅन्सर किती वाढलाय ते मोजत होते, का तुकडा किती वेळ ताटकळला ते मोजत होते, हे मला माहीत नाही.”

मग ती रडली. तिच्या आईने ओट्याजवळचं स्टूल ओढून तिच्या शेजारी बसून घेतलं. मी उभाच.

१५ एप्रिल, मंगळवार

तिने आज तक्ता मांडलाच नाही. उभी राहिली आणि म्हणाली, फॉर्मवरची वेळ घड्याळाची नाही, नियमाची आहे. माझा ठिपका शोधल्याचंही सांगून टाकलं. वरिष्ठांनी तिला लेखी ताकीद दिली आणि रुग्णांच्या नळ्यांपासून तीन महिने लांब ठेवलं आहे, आकडे मात्र तिच्याकडेच ठेवले. एक जण कुजबुजला म्हणे, “बापासाठी चाललंय सगळं.” तिने ऐकलं आणि मान हलवली. “बापामुळेच,” म्हणाली.

मी सर्जनना चिठ्ठी लिहिली: “विलंबाचं कारण: रुग्णाचं भाषण. ट्रे नेणाऱ्या मावशींना तीन मजले आणि एक जिना, एवढाच त्यांचा दोष.” ऑपरेशन पुढे ढकललं. सर्जन म्हणाले, खात्रीसाठी पुन्हा बायोप्सी तशीही करायचीच असते, ती आधी करू.

सुटका वाटायला हवी होती. वाटत नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

पुन्हा डावी कूस, पुन्हा चौदा खटके. या वेळी बर्फाचा डबा टेबलाशेजारीच होता. मावशींनी नळी डब्यात ठेवली, घड्याळ बघितलं, चिकटपट्टीवर दोन वेळा लिहिल्या. काढला नऊ बावन्न. बर्फात नऊ पंचावन्न.

मी ओठ घट्ट मिटून पडलो होतो. मावशी म्हणाल्या, “साहेब, बरं वाटत नाही का? काही बोलत नाही.”

२७ एप्रिल, रविवार

मुलीने दोन वह्या शेजारी ठेवल्या. ऑपरेशन थिएटरच्या नोंदवहीत रक्तपुरवठा बांधल्याची, किंवा बायोप्सीचा तुकडा काढल्याची, वेळ असते. खाली शीतपेटीच्या वहीत दार उघडल्याची वेळ असते. दोन्ही वर्षानुवर्षं लिहिल्या जातात. एका टेबलावर कधी आल्या नव्हत्या. तिने दोनशे तुकड्यांचा ताटकळण्याचा वेळ काढला. सगळ्यात लांब चार तास.

एकेचाळीसपैकी एकोणतीस जनुकं नुसती वाट बघून ओरडत होती. बारा उरली. ती वेळ कितीही लागो, कॅन्सरच्या क्रमानेच चढतात.

“बारा म्हणजे कमी का?” मी भीत भीत विचारलं.

“बारा खरी आहेत, बाबा.” पहिल्यांदा तिच्या आवाजात पूर्वीचा कणखरपणा आला. “आधी एकेचाळीस होती आणि त्यांतली खरी कुठली ते मला माहीत नव्हतं.”

सर्जनने परवानगी दिल्यावर माझा नवा तुकडा तिच्या सहकाऱ्याने तपासला. बारा जनुकं शांत आहेत. सूक्ष्मदर्शकही सुस्तच म्हणतो. मी उडीच मारणार होतो. ती म्हणाली, “थांबा. बारा जनुकांवर मी अजून कुणाच्या जिवाची शपथ घेणार नाही. तुमच्या तर नाहीच.”

म्हणजे दर तीन महिन्यांनी रक्त, आणि दर वेळी आकडा येईपर्यंत धास्तीने दिवस मोजणं. ही भीती आता घरातच राहणार. घरात राहायचं तर निदान शिस्तीत राहील.

४ मे, रविवार

मंडळाची सभा. शे-दीडशे माणसं, बहुतेक माझ्या वयाची, दाराजवळच्या खुर्च्या आधी भरलेल्या. कारण सगळ्यांना ठाऊक. मावशींनाही बोलावलं होतं. पहिल्या रांगेत मुलगी, आणि तिच्या शेजारी ही, मनगटी घड्याळ माझ्याकडे वळवून. “पाच मिनिटं,” असं तिने ओठांनीच सांगितलं.

मी साडेचार घेतली. जे बोललो ते इथे उतरवून ठेवतो.

“साठी उलटलेल्या पुरुषांनो! मी म्हणणार होतो, की आपल्याला कुणी काही सांगत नाही. पण मित्रांनो, ते सांगतील कसं? आपल्या शरीराचा तुकडा ट्रेवर घाबरून ओरडत असतो आणि आपण त्याच्या ओरडण्याला रोग समजतो. माझ्या बाबतीत ट्रे अडवणारा दुष्ट दुसरा कुणी नव्हता. मीच होतो, आणि मी न्यायावर भाषण देत होतो! त्या भाषणापायी मी कापून घ्यायला निघालो होतो. दोनशे फॉर्मवर दहा मिनिटं लिहिलं होतं, कारण नियमात दहा होतं. नियम बघून वेळ लिहिणारं इस्पितळ आणि तीन मजल्यांना एकच माणूस ठेवणारं इस्पितळ ही दोन इस्पितळं नाहीत, एकच आहे. त्याच्याशी आपण भांडूच. पण ते भांडण लांबचं. आज घरी जाताना एकच गोष्ट खिशात घालून न्या. तुमचा तुकडा काढतील तेव्हा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघा. तुकडा काढल्याची वेळ आणि बर्फात ठेवल्याची वेळ, दोन्ही तुमच्या डोळ्यांसमोर नळीवर लिहून घ्या, आणि त्या लिहून होईपर्यंत तोंड बंद ठेवा!”